लाकडाचे तेलपाणी

एप्रिल २००३ मध्ये राष्ट्रीय जनता दलाने पाटण्याच्या गांधी मैदानावर एक मेळावा भरवला होता. त्याचे नाव होते 'तेल पिलावन, लाठी घुमावन'. उत्तर भारतात लाठीला तेल पाजण्याची चाल इतकी जुनी आहे की पक्षाचे नेते लालूप्रसाद यांना या घोषणेचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. त्यातले राजकारण बाजूला ठेवू आणि एक साधा प्रश्न विचारू. लाठी खरोखर तेल पिते का, आणि पीत असेल तर किती?

उत्तर लाठीबहाद्दरांना आवडणारे नाही. बांबूच्या पाठीवर मेणाचा पातळ थर असतो आणि सालीच्या पेशींत सिलिका भरलेली असते. साग किंवा बाभळीच्या लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या आडव्या पेशी असतात, बांबूत त्या नसतातच. त्यामुळे बाहेरून कितीही तेल चोळले तरी ते सालीवरच राहते. लाठी चकाकते, हाताला गुळगुळीत लागते, पण आत काही गेलेले नसते. बांबूच्या नळ्या उभ्या जातात, म्हणून तेल आत घालायचे तर ते कापलेल्या टोकातूनच जाऊ शकते. लाठी एका टोकावर तेलात उभी करून काही दिवस ठेवायची, मग उलटी करून दुसरे टोक बुडवायचे. टोकांकडूनच बांबू लवकर सुकतो आणि तिथूनच चिरतो, त्यामुळे तेलाची गरजही नेमकी तिथेच असते.

लाठीचा मोठा शत्रू मात्र वेगळा आहे. बांबूत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात आणि त्यावर जगणारा बारीक भुंगेरा आतून लाठी पोखरतो. कोपऱ्यात उभ्या केलेल्या लाठीखाली पिठासारखा भुगा दिसू लागला की समजावे, काम सुरू झाले आहे. यावर खरा उपाय लाठी कापतानाच करायचा असतो. पावसाळा संपल्यावर थंडीत, तीन वर्षांहून जुना, भरीव वेळू निवडायचा आणि काही आठवडे पाण्यात बुडवून पिष्ट निघून जाऊ द्यायचे. ते न करता वरून तेल चोळणाऱ्याची लाठी दिसायला देखणी राहते आणि एक दिवस हातातच मोडते.

लाठीचा हा दाखला आरंभीच दिला, कारण लाकडाच्या वस्तूंना तेल लावताना आपण बहुधा परंपरेने लावतो. कोणते तेल, कुठे, किती आणि कशासाठी, हे विचारत नाही. आखाड्यातला मल्लखांब, व्यायामाला फिरवायचे जड लाकडी करेल आणि मुद्गल, फरी-गदग्याचा गदगा, सुताराचा रंधा, शेतकऱ्याची कुदळ आणि मैदानावरची बॅट या साऱ्यांना तेल लागते, पण एकच तेल लागत नाही.

पाण्याची ये-जा

झाड तोडल्यावर लाकडातले पाणी दोन टप्प्यांत जाते. आधी पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी उडते. त्याने वजन घटते, आकार बदलत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांवर आला की पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते, आणि मग लाकूड आक्रसते. हे आक्रसणे सगळ्या दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. वार्षिक वर्तुळांच्या दिशेने सर्वांत जास्त असते, आणि गाभ्याकडून सालीकडे मोजले तर साधारण त्याच्या निम्मे. या विषमतेमुळेच गोल ओंडक्याला गाभ्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात.

लाकूड सुकले म्हणून हा खेळ संपत नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे १२ टक्के ओलावा धरून राहते. आर्द्रता ९० टक्के झाली की तेच लाकूड २० टक्क्यांकडे जाते, ३० टक्के झाली की सहापर्यंत उतरते. रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे डोळ्यांसमोर आणा. दहा सेंटिमीटर जाडीचा सागवानी मुद्गल या दोन ऋतूंमध्ये दीड-दोन मिलिमीटरने फुगू आणि आक्रसू शकतो. हे दरवर्षी होते. म्हणून रंध्याचा तळ पावसाळ्यात वाकतो, उन्हाळ्यात कुदळीचा दांडा खुळखुळतो आणि करेलाच्या बुडाला चीर पडते.

तेल ही ये-जा थांबवते, हा गोड गैरसमज आहे. वरून पडलेला पाण्याचा थेंब तेलामुळे लगेच मुरत नाही, पण हवेतली वाफ तेलातून आरपार जाते. वाफ अडवण्याच्या बाबतीत व्हार्निशचा जाड थर तेलापेक्षा कितीतरी सरस आहे. तेल फक्त वाफेच्या या ये-जेचा वेग थोडा कमी करते, आणि तोही मुख्यतः आडव्या कापलेल्या टोकांवर, जिथे नळ्यांची तोंडे उघडी असतात. मग हाताच्या वस्तूंना व्हार्निश का नको? व्हार्निश मुठीवर घामाने निसरडे होते, त्याने हाताला फोड येतात, आणि ठोके बसले की त्याचे पोपडे सुटतात. एकदा पोपडा सुटला की त्याखाली पाणी शिरते आणि तिथेच कोंडते. तेलाचा थर सोलत नाही. झिजला तर त्यावर पुन्हा हात फिरवता येतो.

वाळणारी आणि न वाळणारी

तेल वाळते म्हणजे पाण्यासारखे उडून जात नाही. जवसाच्या तेलाचा थर हवेतला प्राणवायू शोषतो, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्याचे घट्ट, लवचीक पापुद्र्यात रूपांतर होते. वाळताना तेलाचे वजन कमी होत नाही, वाढते. कोणते तेल असे वाळेल, याचा अंदाज रसायनशास्त्रज्ञ आयोडीन मूल्यावरून घेतात. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पकडते, हा तो आकडा. जवसाचा १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, शेंगदाण्याचा नव्वदीच्या घरात, एरंडेलाचा ८५ च्या जवळपास आणि खोबरेलाचा जेमतेम ८ ते १०. साधारण १४० च्या वरची तेले वाळतात, खूप खालची कधीच वाळत नाहीत, आणि मधली चिकट होऊन बसतात.

या यादीत स्वयंपाकघराचा आणि लाकडाचा हिशेब उलटा लागतो. विदर्भ-मराठवाड्यातले जवस लाकडासाठी उत्तम. करडई चालते, पण सावकाश वाळते. शेंगदाण्याचे तेल काही महिन्यांत खवट होते आणि धूळ धरते. खोबरेल लवकर खवट होत नाही, पण थंडीत २४ अंशांच्या खाली थिजते आणि लाकडाला कायमचे कवच देत नाही. एरंडेल वाळत नाही, पण तापवून त्याचा स्वभाव बदलता येतो. कच्छमधल्या निरोणा गावचे खत्री कारागीर एरंडेल दीर्घकाळ उकळून दाट करतात आणि त्यातच रंग कालवून रोगण चित्रे काढतात. ते कापडावर वर्षानुवर्षे टिकते.

बाजारातले जवसाचे तेल दोन रूपांत मिळते. कच्चे तेल वाळायला बरेच दिवस घेते. रंगाच्या दुकानात 'बेलतेल' म्हणून मिळते ते लवकर वाळते, कारण त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. म्हणून बेलतेल दांडे आणि मुठींसाठी ठीक आहे, पोळपाट-लाटण्याला मुळीच लावू नये.

आणखी एक तेल गावोगाव वापरले जाते, ते म्हणजे गाडीचे जळके ऑइल. वाळवी येत नाही म्हणून ते खांबांना आणि लाठ्यांनाही फासतात. त्यात कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे असतात. जी वस्तू हाताला, अंगाला लागते तिच्याजवळ ते येऊच देऊ नये.

मल्लखांबाला एरंडेलच का?

लाकडाला वाळणारे तेल चांगले, हा वरचा नियम मल्लखांबाजवळ येऊन उलटतो. साग किंवा शिसवीचा, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच, वर निमुळता होत जाणारा आणि माथ्याला बोंड असलेला हा खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या कलेला नवा जन्म दिला. तेव्हापासून आजपर्यंत त्या खांबाला एरंडेल लागते. इथे तेल लाकडासाठी नसून खेळाडूच्या कातडीसाठी आहे. पोट, मांड्या आणि काखा लाकडावरून वेगाने घासत असताना मधे एक दाट थर टिकून राहायला हवा. जवस लावले तर ते वाळून कडक होईल आणि कातडी सोलून काढील. शेंगदाणा पातळ, ओघळून जाईल. एरंडेलात रिसिनोलेइक आम्लाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. त्याच्या रेणूंची एकमेकांवर पकड असते, त्यामुळे ते इतर खाद्यतेलांच्या जवळपास दहापट दाट असते. ते ओघळत नाही आणि वाळतही नाही.

न वाळणाऱ्या तेलाची किंमतही मोजावी लागते. तेल, घाम आणि हौदातली माती यांचा काळपट थर खांबावर चढत जातो. त्यावर नवे तेल ओतत राहिले की खांब जागोजागी चिकट आणि जागोजागी निसरडा होतो, आणि खेळाडूचा अंदाज चुकतो. म्हणून सरावानंतर कोरड्या फडक्याने खांब पुसणे आणि मधूनमधून तो थर बोथट पात्याने खरवडून काढणे हे तेल लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पुरलेल्या मल्लखांबाला धोका वरच्या भागात नसतो, तो जमिनीच्या रेषेवर असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला २० टक्क्यांहून अधिक ओलावा आणि प्राणवायू दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वर ओलावा कमी. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या वर-खाली वीतभर पट्ट्यात. वर्षातून एकदा तिथली माती बाजूला करून लाकडात टोच्या घुसवून पाहावा. तो सहज आत गेला तर खांब कितीही चकचकीत असो, त्यावर मूल चढवू नये.

दांडे, मुठी आणि गदगा

अवजारांच्या दांड्यांसाठी आपल्याकडे बाभूळ आणि धामण ही लाकडे नावाजलेली आहेत. धामण लवचीक, ठोका झेलून हाताला झिणझिण्या कमी देणारी. दांडा सैल झाला की कुदळ रात्रभर पाण्यात टाकण्याची सवय सगळीकडे दिसते. सकाळी दांडा घट्ट होतो खरा, पण लोखंडाच्या आत फुगायला जागा नसते. फुगलेले तंतू तिथे दबून चिरडतात, आणि सुकल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त आक्रसतो. दर खेपेला तो अधिकच सैल होत जातो आणि शेवटी पाते निसटते. त्याऐवजी दांडा पूर्ण सुकवावा, ठोकून बसवावा, नवी पाचर मारावी आणि वरच्या उघड्या टोकाला जवसाचे तेल मुरेल तितके पाजावे. अवजाराला तेल भरपूर लावायची जागा ही एवढीच.

करेल आणि मुद्गलांनाही हाच न्याय. मूठ कोरडी आणि खडबडीत ठेवावी, तिला तेलाचा हात अगदी पुसटसा. बुडाला मात्र दोन-तीनदा तेल द्यावे, कारण तिथे नळ्यांची तोंडे असतात आणि जमिनीचा ओलावाही तिथूनच चढतो. गदग्याची गोष्ट निराळी. त्याची काठी चामड्याच्या आवरणात असते. आवरणाखाली तेल ओतले तर चामडे मऊ पडून सैल होते आणि काठीची चीर तर आवरणामुळे डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून गदगा जमिनीवर हलकेच आपटून आवाज ऐकावा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, चिरलेल्याचा फुटका.

बॅट आणि जपानी लाकडी तलवार

बॅटच्या विलोला कच्चे जवसाचे तेल लावतात. मग ती विलो इंग्लंडची असो किंवा अनंतनागजवळच्या संगमच्या कारखान्यांतली असो. पुढचा भाग, कडा आणि टोक यांवर चमचाभर तेल पसरायचे, बॅट आडवी ठेवून मुरू द्यायचे. हँडलला आणि हँडल जिथे पात्यात बसवलेले असते त्या सांध्याला तेल लावायचे नाही, कारण तिथे सरस असतो. विलो हलकी आणि सच्छिद्र. तेल जास्त झाले की ती जड होते आणि चेंडू तिच्यावरून उसळत नाही. तेलाने वस्तू बिघडवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

जपानमधल्या क्यूशू बेटावरचे मियाकोनोजो हे शहर सरावाच्या लाकडी तलवारींसाठी प्रसिद्ध आहे. ओकच्या घट्ट लाकडाची ही बोक्केन समोरासमोर आपटली जाते, तेव्हा तिला जपायचे ते कुसळापासून. केंडोमधली शिनाई तर बांबूच्या चार पट्ट्यांची असते. तिचे कुसळ जाळीच्या मुखवट्यातून डोळ्यापर्यंत पोहोचू शकते. म्हणून केंडो खेळणारे सरावाआधी पट्ट्या तपासतात, कडा घासतात, तेल लावतात. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला साल नसते, त्यामुळे लाठी जे तेल नाकारते ते शिनाई आतून स्वीकारते.

हात कसा फिरवावा

आधी ओलसर फडक्याने वस्तू पुसा आणि सावलीत पूर्ण सुकू द्या. जुना चिकट थर असेल तर खरवडा. मग सुती कापडाचा तुकडा मुठीत धरून वस्तूवरून टोकापासून टोकापर्यंत ओढा. जिथे धागा अडकेल तिथे कुसळ आहे. ते रेषेच्या दिशेनेच पॉलिश पेपरने घासा, आधी १८० नंबर, मग २४०. आडवे घासले तर नवी कुसळे उठतात. त्यानंतर फडक्यावर थोडे तेल घेऊन पातळ हात द्या. पंधरा मिनिटे ते अर्धा तास थांबा आणि लाकडाने जे घेतले नाही ते सगळे पुसून काढा. चुकते ते बहुधा इथेच. न पुसलेले जवसाचे तेल पृष्ठभागावर राळेसारखे चिकट राहते, धूळ पकडते, आणि दमट हवेत त्यावर बुरशी चढते. पहिला हात वाळल्यावर दुसरा. दोन-तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमीच चांगले.

आता फडक्याकडे लक्ष द्या. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. वस्तूवरच्या पातळ थरातून ती उडून जाते, पण चोळामोळा करून कोपऱ्यात फेकलेल्या फडक्यात कोंडत जाते आणि काही तासांत फडके आपोआप पेटू शकते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांतून आग लागली. ती विझवताना तीन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला. म्हणून वापरलेले फडके घडी न घालता उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

ठेवण्याची जागाही देखभालीचाच भाग आहे. लाठ्या भिंतीला तिरक्या टेकवून महिनोन्महिने ठेवल्या की वाकतात. त्या दोन-तीन खुंट्यांवर आडव्या ठेवाव्यात. पत्र्याच्या छपराखालचा माळा, मे महिन्यातली गाडीची डिकी आणि पावसाळ्यातली प्लॅस्टिकची पिशवी ही तीन ठिकाणे टाळावीत.

तेल जिथे हरते

चीर तेलाने बुजत नाही. उलट तेल शिरल्यावर ती चीर सरसाने सांधणे अवघड होते, कारण तेलकट लाकूड सरस धरत नाही. पोखरलेल्या लाकडातली अळी तेलाने मरत नाही. रेषा तिरकी गेलेला दांडा कितीही तेल प्याला तरी जोराचा ठोका बसला की त्याच रेषेवर मोडणार. जोडीने खेळायच्या हत्यारात खोल चीर दिसली तर ते मोडून चुलीत घालावे. त्यावर माया करू नये.

मग तेलाचा खरा फायदा कोणता? पाणी अडवण्यापेक्षाही मोठा फायदा असा, की तेल लावताना वस्तूच्या इंचाइंचावरून हात फिरतो. कुसळ, चीर, भुंगेऱ्याचे टाचणीएवढे भोक, सैल झालेली पाचर, सारे बोटांना कळते. तेलपाणी नियमित करणाऱ्याचे हत्यार सहसा अवचित दगा देत नाही, आणि याचे श्रेय जितके तेलाला आहे त्याहून अधिक त्या तपासणीला आहे.

आपल्या पंचांगात या कामाचे दोन मुहूर्त तयारच आहेत. एक मृग निघण्याआधीचा, जेव्हा लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असते आणि तेल नीट ओढून घेते. दुसरा खंडेनवमीचा, जेव्हा पावसाळ्याने फुगवलेले आणि बुरसटलेले सारे काही बाहेर काढून पुसायची वेळ झालेली असते. त्या दिवशी आपण शस्त्रांची आणि अवजारांची पूजा मांडतोच. हळदकुंकू वाहण्याआधी तासभर बसून फडके, पॉलिश पेपर आणि जवसाचे तेल घेऊन प्रत्येक दांडा, प्रत्येक मूठ, प्रत्येक काठी हातात धरून पाहा, आणि जे चिरलेले असेल ते पूजेत ठेवू नका, बाद करा.